रुसव्याप्रमाणे लावलेली लग्नं

दादासाहेबांचा हेतू चांगला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं ते कुणी ऐकून घेणार नाही.

झालं असं की सोमवारी सकाळी ते बारामतीहून कळसला दत्तोबातात्यांच्या घरी आले आणि मंगळवारी संध्याकाळपर्यंत त्यांनी तात्यांच्या आयुष्यभराच्या कामाची वाट लावली. तात्या दोन दिवस नरसिंहपूरला देवाला गेले होते. घरात सारजाकाकी एकट्याच. दादासाहेबांनी त्यांना सांगितलं, "काकी, अक्काच्या लग्नाचा कागद पाहिजे, शुक्रवारच्या आत." काकींनी पत्र्याची पेटी ओसरीवर आणून ठेवली. म्हणाल्या, "बघ बाबा तुझं तू. तू पुस्तकातला माणूस."

आणि दादासाहेब होतेच पुस्तकातले. बारामतीच्या एका कॉलेजात पंचवीस वर्षं ग्रंथपाल. विस्कटलेला कागद दिसला की त्यांच्या हाताला खाज सुटायची. पेटीत काय, तर ग्रामपंचायतीच्या जुन्या फॉर्मांच्या पाठीवर लिहिलेली सहाशे चौदा सुटी पानं. एका पानावर एक लग्न. त्यांची अकरा पुडकी, परकराच्या नाडीनं बांधलेली. पुडक्यांवर चिठ्ठ्या होत्या: 'मामा', 'थोरला जावई', 'बँड', 'आचारी'. बँडच्या पुडक्यात एक पान चौऱ्याहत्तर सालचं, त्याखाली दोन हजार तीनचं, त्याखाली एकोणऐंशीचं. दादासाहेबांना गलबलून आलं. त्यांनी नाड्या सोडल्या, चिठ्ठ्या बाजूला टाकल्या, सगळी पानं तारखेप्रमाणे लावली, कोपऱ्यात पेन्सिलीनं क्रमांक घातले आणि पाच सुबक गठ्ठे करून ठेवले. चिठ्ठ्या काकींनी चुलीत घातल्या. कचरा म्हणूनच तर बाजूला टाकल्या होत्या.

मंगळवारी दिवेलागणीला तात्या आले. सत्त्याहत्तर वर्षांचे, काठीसारखे ताठ, डोक्याला टोपी, हातात नारळाची पिशवी. त्यांनी गठ्ठे पाहिले. एक उचलला, खाली ठेवला. दुसरा उचलला. मग पायरीवर बसले.

"क्रमानं लावलंय तात्या," दादासाहेब म्हणाले. शाबासकीची वाट बघत बसलेल्या माणसाचा आवाज होता तो.

"पुडकी कुठं हायेत?"

"सोडली. आता गरजच नाही. साल सांगा, अर्ध्या मिनिटात पान काढून देतो."

तात्यांनी पिशवीतला नारळ काकींच्या हातात दिला. "घे. देवाला वाढवून आलो, आता हेच्या डोस्क्यात वाढव."

*

तात्यांची लग्नवही म्हणजे काय प्रकरण होतं, हे दादासाहेबांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

दत्तोबा त्र्याहत्तर साली ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून लागले. दवंडी द्यायची, घरपट्टीची बिलं वाटायची, आणि गावात लग्न असलं की घरोघरी अक्षता पोचवायच्या. म्हणजे प्रत्येक लग्नाला हजेरी आलीच. आता कळसला काय, लोणीला काय किंवा लंडनला काय, ज्या लग्नात कुणी रुसत नाही ते लग्न अजून लागायचं आहे. आणि रुसलेल्या माणसाला जेवायला उठवायचं काम पडायचं शिपायावर. घरच्यांनी उठवलं तर तो जास्त रुसतो. सरपंचांनी उठवलं तर त्याला भाव मिळतो. शिपाई मात्र सरकारी माणूस, त्याच्यापुढं अपमान होत नाही. मग दत्तोबांनी समजूत घालायची आणि शेवटच्या पंगतीला त्या रुसक्याच्या शेजारी बसून जेवायचं. छत्तीस वर्षं त्यांनी गावातल्या लग्नांत दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसून बुंदी खाल्ली नाही.

घरी आले की पान लिहायचं. तारीख, मुलीचं नाव, कुठल्या मळ्यातली, कुठल्या गावाला दिली, जेवणाला काय, पाऊसपाणी. आणि ते पान कोण रुसलं होतं त्या पुडक्यात.

"पण तारखेनं का नाही लावलं?" दादासाहेबांनी कळवळून विचारलं.

"तारीख कुणाला आठवती रं? तुझ्या अक्काला आठवती?"

हे मर्मावर होतं. कारण अक्काला तारीख आठवत नव्हती म्हणूनच हा सगळा खटाटोप. "आंब्याचं दिवस हुतं," एवढं ती सांगायची. भाऊजींना विचारलं तर ते म्हणायचे, "ऊस तुटून गेला हुता." मुलगी छकुली दरवर्षी एक जूनला आईबापाच्या लग्नाचा वाढदिवस मोबाईलवर साजरा करायची, कारण आधार कार्डावर दोघांचीही जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी एक जून घातलेली होती आणि तिला वाटलं, या घरात जे काही होतं ते एक जूनलाच होतं.

"आणि नावानं?" दादासाहेब हटेनात.

"शोध की नावानं. शोध."

नावानं दादासाहेबांनी शोधून बघितलं होतं. अक्काचं लग्नानंतरचं नाव कौसल्या, पण माहेरचं, शाळेच्या दाखल्यावरचं नाव नकोशी. आईला तिसरीही मुलगीच झाली, तेव्हा देवाला कळावं म्हणून ठेवलेलं. देवाला ते बारा वर्षांनी कळलं, ते म्हणजे दादासाहेब. पण देवाला कळवण्याची ही पद्धत सगळ्या गावाचीच होती. सहाशे चौदा पानांत एकेचाळीस नकोश्या. त्यातल्या वरच्या मळ्यातल्या तीन, तिघी चुलत बहिणी, आणि तिघी लोणी देवकरच्या बाजूला दिलेल्या. एक्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी, तिन्ही साली मे महिन्यात. तात्या बापाचं नाव लिहीत नसत आणि नवऱ्याचं तर नाहीच. "ज्याला पायजे त्याला ठावं असतंय," म्हणायचे.

"बघ आता," तात्या म्हणाले. "नवरा-नवरी सगळी सारखीच असत्यात. हळद लावली की वळखू येत न्हाईत. नावं तीच, गावं तीच. रुसलेला माणूस मातर एकेक येगळा. माणूस लग्नाचं साल इसरंल, पण कोण रुसलं ते इसरत न्हाय."

तात्यांचा नियमही ठरलेला होता. पान मागायला कुणी आलं की तात्या एकच प्रश्न विचारणार: "कोण रुसलं हुतं?" उत्तर बरोबर आलं की ते पुडकं सोडायचं. चुकलं की चहा प्यायचा आणि घरी जायचं. हा नियम उगाच नव्हता. एकदा एकानं चुलतभावाचं लग्न स्वतःच्या नावावर नेलं होतं, बायकोचं वय जमवायला. तेव्हापासून रुसवा म्हणजे तात्यांच्या तिजोरीची किल्ली. ती किल्ली पानावर लिहिलेली नव्हती. ती फक्त पुडक्यावरच्या चिठ्ठीवर होती.

आणि चिठ्ठ्या काकींनी चुलीत घातल्या होत्या.

*

शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत कागद ग्रामसेविका योगिनी मॅडमच्या टेबलावर पाहिजे होता. छकुली जर्मनीत, तिचे दिवस भरत आलेले. अक्काला बाळंतपणाला जायचं. पासपोर्टवाल्यांनी विचारलं, शाळेच्या दाखल्यावरची नकोशी आणि आधारवरची कौसल्या ही एकच बाई, हे कशावरून? मग लग्नाच्या प्रमाणपत्राची अट आली. लग्नपत्रिका वाळवीनं खाल्लेली, फोटो काढलाच नव्हता, लग्न लावणारे भटजी कधीच गेलेले. मॅडम म्हणाल्या होत्या, "तात्यांची वही काही कायद्यात बसत नाही. पण तारीख कुठून तरी आली पाहिजे ना! ते पान लावा, दोन साक्षीदार आणा, प्रतिज्ञापत्र करा, दोघांच्या सह्या माझ्यासमोर. मी सोमवारपासून रजेवर आहे." आणि पासपोर्टची तारीख होती मंगळवारची. ती चुकली तर पुढची मिळेपर्यंत छकुलीचं बाळ चालायला लागलं असतं.

"तात्या, तुम्हाला तर माहितीय कुठलं पान अक्काचं," दादासाहेब म्हणाले. "तीनातलं एक. बोट ठेवा."

"आदी माजी वही लाव."

"तात्या, शुक्रवार!"

"मग आत्ताच बस."

बुधवारी सकाळी सहा वाजता बसले. दादासाहेबांनी एकेक पान वाचायचं, तात्यांनी डोळे मिटून आठवायचं, आणि दादासाहेबांनी त्या पानाच्या तळाला लिहायचं: कोण रुसलं, कशापायी, उठवलं कसं. "आता पुडक्यावर भरवसा न्हाय," तात्या म्हणाले. "कुणीबी शिकलेलं येतंय आन् सोडतंय. पानावरच लिही."

नुसतं सांगितलं असतं तर दीड दिवसाचं काम. पण तात्या रुसवा सांगत नसत, वाढत असत.

"अठ्ठ्याहत्तर. वैशाख. खालची आळी. जेवण लापशी," दादासाहेब वाचायचे.

"लापशी... लापशी... हां! थोरला जावई. सासऱ्यानं धाकट्या जावयाच्या हातात हार दिला आन् हेच्या हातात नारळ. ह्यो जाऊन बसला कडब्याच्या गंजीवर. वर! मी खालनं म्हणतोय, पावनं, उतरा. ते म्हणतंय, हार आणा. आता हार कुठनं आणू? तवा मी काय केलं..."

"तात्या, 'थोरला जावई, हार' लिहिलं. पुढचं."

"उठवला कसा ते लिहिलंस?"

"कसा उठवला?"

"ते तर सांगतोय!"

दादासाहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. बुधवारी दुपारपर्यंत दीडशे पानं झाली. कॉलेजातून फोन आला, रजेचा अर्ज कुठाय. अक्काचा फोन आला, कागद मिळाला का. दादासाहेबांनी तिलाच विचारलं, "अक्का, तुझ्या लग्नात कोण रुसलं होतं गं?"

पलीकडे पातेल्यात डाव जोरात फिरायला लागला.

"रुसायला काय, कुणी ना कुणी रुसलंच असंल. मी मान खाली घालून बसलेली. मला काय दिसतंय?"

"नवऱ्याचा मामा ना? टॉवेल-टोपीवरनं? मी तर नेहमी सांगतो."

"तू सांगतोस खरं," अक्का म्हणाली आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला.

गुरुवारी काकी पण येऊन बसल्या आणि काम अजून मंदावलं, कारण आता प्रत्येक रुसव्याला दोन बाजू झाल्या. नवऱ्याच्या मामांचं पुडकं सगळ्यात जाड झालं. त्याखालोखाल जावई. भटजी सात. आचारी पाच. 'नवरा स्वतः' तीन. एक पुडकं तात्यांनी काहीच न सांगता बाजूला केलं, चार पानांचं. दादासाहेबांनी विचारलं, "हे कुणाचं?" तात्या म्हणाले, "नवरी." मग पाणी प्यायले. "ते कुणी मागायला येत न्हाय. पुढचं वाच."

शेवटच्या पुडक्यात एकच पान होतं. चिठ्ठीवर आधी काय होतं, असं दादासाहेबांनी विचारलं. "कुणीच न्हाय," तात्या अभिमानानं म्हणाले. "आमचं लग्न."

"कुणीच न्हाय?" सारजाकाकी कडाडल्या. "माजा बाप तीन दिस जेवला न्हाय! तुमच्या भावानं त्येला गाडीत उलट्या तोंडानं बसवलं म्हून!"

"मला कुणी सांगितलं न्हाय."

"पन्नास वर्सं सांगतीय!"

ते पान व्याह्याच्या पुडक्यात गेलं. जाताना तात्यांनी ते दोन्ही हातांनी सरळ केलं. त्यात दादासाहेबांची वीस मिनिटं गेली आणि तात्यांचा संसार थोडक्यात वाचला.

*

शुक्रवारी सकाळी अकराला वही लागली. उरली तीन पानं. तीन नकोश्या, वरचा मळा, दिली लोणीला. तेवढ्यात अक्का आणि भाऊजी मोटारसायकलवरून आले. अक्काच्या हातात प्लॅस्टिकची फाईल, नवी कोरी साडी, केसांना तेल. ती उंबऱ्यापाशीच बसली. भाऊजी साक्षीदारांना गोळा करायला चौकात गेले.

"हं," तात्या दादासाहेबांना म्हणाले. "तू मागाय आलास. कोण रुसलं हुतं?"

दादासाहेबांचा घसा बसला होता, बोटांना शाई लागली होती, पाठीचा पार खुळखुळा झाला होता. पण या प्रश्नाची त्यांनी तीन दिवस वाट पाहिली होती. हा किस्सा त्यांनी स्टाफरूममध्ये, बारशाला, दहाव्याला, सगळीकडे सांगितलेला. "नवऱ्याचा मामा! टॉवेल-टोपी हलकी दिली म्हणून त्यांनी टोपी विहिरीत टाकली!"

"न्हाय," तात्या म्हणाले.

"नाही कसं? मी तिथं होतो!"

"टोपी हिरीत टाकली ती एक्याऐंशीची. तुज्या चुलतीच्या नकोशीचं. ह्ये पान." त्यांनी एक पान उचलून मामांच्या पुडक्यात घातलं.

"मग बँड! बँडवाल्यांना..."

"एकच उत्तर," तात्या म्हणाले. "दुसरं उत्तर म्हंजी अंदाज. अंदाजानं पान दिलं आसतं तर अर्ध्या गावाची लग्नं अदलाबदल झाली असती."

"तात्या, समोर बसलीय अक्का! तुम्ही तिला ओळखता, मला ओळखता, तुम्हाला पान माहिती आहे! तीन दिवस मी इथं सहाशे चौदा पानं लिहितोय! तुम्हाला कसला पुरावा पाहिजे अजून?"

"तुला वळखतो म्हूनच," तात्या म्हणाले आणि अक्काकडं वळले. "नकोशे. तू सांग. कोण रुसलं हुतं?"

त्या नावानं तिला आता कुणी हाक मारत नसे. अक्कानं फाईलच्या कडेवरून बोट फिरवलं. भावाकडं बघितलं. मग भिंतीकडं बघितलं. घड्याळात पावणेबारा झाले होते.

"मला न्हाय बाई आठवत."

"मग चहा घेऊन जा," तात्या म्हणाले.

"अगं आठव ना!" दादासाहेब ओरडले. "तुझं लग्न होतं! छकुली तिकडं वाट बघतीय!"

छकुलीचं नाव काढलं तशी अक्काच्या तोंडावरचा रंग बदलला. ती पुन्हा भावाकडं बघू लागली. मग पदर तोंडाला लावला आणि बघता बघता तिचे खांदे हलायला लागले. दादासाहेबांना वाटलं, रडतेय. ती हसत होती.

"तूच की रं."

"काय मीच?"

"तूच रुसलावतास. सात वर्साचा. माज्याबरूबर सासरी पाठराखणीला कोण जायचं, तर आई म्हणाली, आत्याला धाडू. तुला जायचं हुतं. तू ट्रॅक्टरच्या चाकापुढं आडवा पडलास. तासभर वऱ्हाड हाललं न्हाय." तिनं डोळे पुसले. "तू आपला ज्याला त्याला मामाची टोपी सांगायचास. म्हटलं, सांगू दे. बारामतीत तुला एवढी लोकं मानत्यात."

सारजाकाकींना खोकल्याची ढास लागली, किंवा तसं काहीतरी.

"बराबर," तात्या म्हणाले. ब्याऐंशीचं पान त्यांनी दादासाहेबांच्या पुढं सरकवलं. सात मे एकोणीसशे ब्याऐंशी. वरचा मळा. नकोशी. लोणी देवकर. जेवण बुंदी. "लिही."

दादासाहेबांनी लिहिलं: 'कोण रुसलं: नवरीचा धाकटा भाऊ.'

"कशापायी?" तात्यांनी विचारलं, आणि स्वतःच सांगितलं. "पाठराखणीला नेलं न्हाय म्हून. का नेलं न्हाय? रातच्याला आंथरूण वलं करतो म्हून. पावन्यांच्या घरी नको, म्हणाली तुजी आई."

"तात्या, हे लिहायलाच पाहिजे?"

"सहाशे अकरा लिहिली ना?"

दादासाहेबांनी लिहिलं. एरवी ते मोत्यासारखं लिहायचे. हे ओळखता येऊ नये असं लिहिलं. तात्यांनी चष्मा नाकावर खाली घेऊन वाचून बघितलं. "'आंथरूण' नीट काढ. मॅडमला वाचाय यायला पायजे." दादासाहेबांनी पुन्हा नीट काढलं. "उठवला कसा: शिपायानं खांद्यावर घेतला. तीन लाडू. तरीबी रडतच हुता, अक्का, अक्का करत."

हे वाक्य लिहिताना दादासाहेबांनी मान वर केली नाही. अक्कानंही केली नाही.

बाहेर मोटारसायकल वाजली. भाऊजी दोन साक्षीदार घेऊन आले होते, दोघंही म्हातारे, दोघंही त्या लग्नात जेवलेले. त्यातला एक पायरी चढता चढताच म्हणाला, "ह्योच का त्यो, ट्रॅक्टरपुढं पडला हुता?" म्हणजे गावाला ठाऊक होतं. दादासाहेबांना सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं.

दादासाहेबांनी पान हातात घेतलं. हे आता योगिनी मॅडमच्या टेबलावर जाणार, त्याची प्रत निघणार, शिक्का बसणार आणि मंगळवारी पुण्यात पासपोर्टच्या खिडकीवरची कुणी तरुण मुलगी ते वाचणार. पंचवीस वर्षांत त्यांनी कॉलेजात शिस्तीच्या किती नोटिसा लावल्या असतील! त्यांनी आवाज खाली आणला, तात्यांच्या कानाशी वाकले, आणि अगदी ग्रंथपालाच्या अदबीनं विचारलं, "तात्या, तारीख वरच आहे. झेरॉक्स काढताना खालच्या तेवढ्या तीन ओळींवर कागद धरला, झाकल्या, तर चालेल ना?"

तात्यांनी पेटीचं झाकण लावलं.

"झाकायचं हुतं तर रुसलास कशाला?"